पदवीसोबतच तयारी, की आधी पदवी आणि मग तयारी?

बारावीचा निकाल लागला की अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहाद्याकडच्या घरांत हा प्रश्न निघतोच. यूपीएससी किंवा एमपीएससीची राज्यसेवा द्यायची, तर बीएला प्रवेश घेऊन लगेच अभ्यासिका लावायची, की तीन वर्षं निवांत पदवी करून मग दोन वर्षं पूर्णवेळ बसायचं? परीक्षेचे टप्पे सगळ्यांना पाठ असतात, ते सोडून देतो. दोन्ही वाटांनी पोरं लागलेली आहेत. फरक आहे तो वेळ नेमका कुठे गळतो याचा.

पूर्णवेळ बसणाऱ्याकडे सलगपणा असतो, आणि तो मोठाच फायदा आहे. राज्यघटना धरली की ती संपेपर्यंत दुसरं काही मध्ये येत नाही. पदवीसोबत करणाऱ्याचा दिवस मात्र तुकड्यातुकड्यांचा. धरणगाव किंवा पाचोऱ्याहून जळगावला अप-डाउन असेल, तर गाडीची वाट पाहणं धरून रोजचे दोन-अडीच तास त्यातच जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सेमिस्टर आणि वावरातला कापूस एकदमच अंगावर येतात. त्या दिवसांत रोज दीड तास खरा अभ्यास झाला तरी पुष्कळ समजावं. गाडीत जाड पुस्तक उघडण्यात अर्थ नाही, बसायला जागा मिळेलच असं नसतं. आदल्या रात्री एकाच मुद्द्याची तळहाताएवढी चिठ्ठी काढावी, ती उभ्यानेही पाठ होते.

तिसऱ्या वर्षाला आणखी एक पेच पडतो. शेवटच्या वर्षाला असताना यूपीएससीची पूर्व, म्हणजे पहिली चाळणी परीक्षा, देता येते, पण १ ऑगस्टला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. सतराव्या वर्षी बारावी झालेला मुलगा बहुधा त्यात बसत नाही. जो बसतो, त्याची विद्यापीठाची एप्रिल-मेची परीक्षा आणि पूर्व एकमेकींना खेटून येतात. त्या धावपळीत पदवीचा एक पेपर राहिला, तर पुढच्या लेखी मुख्य परीक्षेच्या वेळी पदवीचा पुरावा दाखवता येत नाही आणि निघालेली पूर्व वाया जाते. खुल्या प्रवर्गाला संधी सहाच. पूर्वच्या दोनपैकी एका पेपरला बसलं तरी संधी मोजली जाते, नुसता अर्ज भरून गैरहजर राहिलं तर नाही. म्हणून तिसऱ्या वर्षी तयारी अर्धवट वाटत असेल, तर त्या दिवशी घरी राहिलेलं बरं.

इथवर पूर्णवेळचं पारडं जड दिसतं. मला ते फिरलेलं दिसतं एकाच गोष्टीने, ती म्हणजे लिहिण्याची सवय.

राज्यसेवेची मुख्यही २०२५ पासून यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक झाली. लेखी १७५० गुण, त्यात वैकल्पिक, म्हणजे आपण निवडलेल्या विषयाचे दोन पेपर. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात तीन तासांत २० प्रश्न: दहा प्रश्न १५० शब्दांचे, दहा २५० शब्दांचे. सात आणि अकरा मिनिटं धरली की बरोबर १८० मिनिटं भरतात, विचार करायला एक मिनिटही उरत नाही. पदवीनंतर सुरुवात करणाऱ्याच्या पहिल्या वर्षात शालेय पुस्तकं, वैकल्पिक विषय, सीसॅट (पूर्वचा उतारे-गणिताचा दुसरा पेपर) आणि चालू घडामोडी एकदम येतात. मग ढकललं जातं ते लिखाणच. ‘पूर्व निघू दे, मग लिहू’ म्हणतात, आणि मध्ये हाताशी राहतात जेमतेम तीन महिने. तेवढ्यात हात वळत नाही. सगळं येत असूनही शेवटचे तीन-चार प्रश्न कोरे राहतात.

कॉलेजात मोठी उत्तरं लिहिणं चुकत नाही. भूगोल, इतिहास, राज्यशास्त्र किंवा मराठी साहित्य हाच वैकल्पिक विषय धरला, तर एकाच वाचनात दोन कामं होतात, आणि उत्तर दाखवायला प्राध्यापक समोर असतात. सवय मात्र वळवून घ्यावी लागते, कारण सेमिस्टरच्या पेपरात पानं भरण्याकडे ओढा असतो आणि आयोगाला नेमकेपणा हवा. समजा प्रश्न आला, पाणी व्यवस्थापनातला लोकसहभाग. धुळे जिल्ह्यातली पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेलं बंधाऱ्याचं सिंचन, आपल्या दाराशी आहे. तिच्यावर आधी मोकळेपणाने दोन पानं लिहा. मग कापत आणा: बंधारा आणि पाट एका वाक्यात, एका फडात एकच पीक हा नियम दुसऱ्यात, शेतकऱ्यांनीच नेमलेला, पाणी वाटून देणारा पाटकरी तिसऱ्यात, पद्धत मागे का पडली ते चौथ्या-पाचव्यात, आणि आज त्यातलं काय घेता येईल ते शेवटी. घड्याळ लावून हे १५० शब्दांत बसलं की एक उत्तर जमलं. पहिल्या वर्षी आठवड्याला दोन उत्तरं पुरेत, तिसऱ्या वर्षी दहा.

सीसॅटचंही तसंच. यूपीएससी मुख्य मराठीतून लिहिता येते, पण पूर्वची प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीतच असते. सीसॅटला ८० प्रश्न, २०० गुण, पात्रतेला ३३ टक्के, म्हणजे ६६. एकही चूक न करता २७ उत्तरं बरोबर आली तरी भागतं, पण प्रत्येक चुकीला ०.८३ गुण कापले जातात आणि मराठी माध्यमाची पोरं इंग्रजी उताऱ्यांवरच घसरतात. इंग्रजी अग्रलेख रोज वीस मिनिटं, असं दोन वर्षं केलं की ही भीती जाते. पदवीनंतर घाईघाईने चार महिने केल्याने ती फारशी जात नाही.

इंजिनिअरिंग किंवा फार्मसीवाल्यांना हे जसंच्या तसं लागू नाही. प्रॅक्टिकल आणि सबमिशनमधून त्यांना रोजचे तीन तास काढायला सांगणं अन्यायाचं होईल. त्यांनी पेपर वाचत राहावं, आठवड्याला एक उत्तर लिहावं आणि पदवीनंतर पूर्णवेळ बसावं. घरून दोन वर्षांचा खर्च निघत असेल, तर बाकीच्यांनाही ती वाट चुकीची म्हणता येणार नाही. पण बीए करणाऱ्याने तीन वर्षं नुसती जाऊ द्यावीत, हे मात्र मनाला पटत नाही.

बीएचा विषय निवडण्याआधी एक काम करा. विद्यापीठाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि आयोगाचा त्याच वैकल्पिक विषयाचा अभ्यासक्रम छापून शेजारी ठेवा आणि जुळणाऱ्या घटकांवर पेन्सिलीने खूण करा. निम्म्याहून कमी खुणा झाल्या, तर फॉर्मवर दुसरा विषय लिहा.