नमुना खरा, बाटलीतलं खोटं

महागड्या परदेशी अत्तरांच्या नावावर गंडवणारे बहुतेक जण बाटलीच खोटी देतात. लेबलावरचं स्पेलिंग चुकलेलं, झाकण डगमगतं, काचेत बुडबुडे. ते कसं ओळखायचं हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात. माझ्या बाबतीत बाटली अस्सल, खोकं अस्सल, तळाचा बॅच क्रमांकसुद्धा अस्सल. आत ओतलेलं तेवढं खोटं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी वेंगुर्ल्याची. इकडे सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, बाजारात आले की अख्खी गल्ली घमघमते, त्यामुळे फुलांच्या वासाचं आम्हाला नवल नाही. पण मला हवं होतं ते फ्रान्समधल्या एका छोट्या, मोजकीच अत्तरं काढणाऱ्या घराण्याचं, आयरिस आणि व्हायलेटचं, मऊ पावडरी फुलांचं अत्तर. या वासाचा कणा असतो ओरिस, म्हणजे आयरिसच्या कंदाचा अर्क. इटलीत फ्लॉरेन्सच्या आसपास हे कंद खणून, सोलून सुमारे तीन वर्षं वाळवत ठेवतात. ताज्या कंदाला हा वास नसतोच, तो साठवणीत हळूहळू तयार होतो. टनभर वाळक्या कंदांतून जेमतेम दोन किलो ‘ओरिस बटर’ निघतं. अर्थात बाटलीत ते नावापुरतंच पडतं, बाकी मदार आयोनोन या रसायनावर. व्हायलेटचा हा वास 1893 पासून प्रयोगशाळेत बनवता येतो. तरीही 100 मिलीची किंमत 25,000 च्या पुढे होती.

मोबाइलवर एका विक्रेत्याचं पान सापडलं. तेच अत्तर 14,000 ला, ‘दुबईचा टेस्टर’ म्हणून, म्हणजे दुकानात गिऱ्हाइकांना वास घेऊन बघायला ठेवतात ती बाटली. बोलणं एकदम सभ्य. “ताई, घाई नको. आधी दोन मिलीचा नमुना मागवा, आठवडाभर लावा, पटलं तरच बाटलीचं बोलू.” नमुन्याचे 600 रुपये घेतले आणि नमुना शंभर टक्के खरा पाठवला. आधी थंड, मातकट, आपल्या वेखंडाच्या अंगाने जाणारा वास. मग तासाभराने तो मऊ होत जातो आणि संध्याकाळी साडीच्या पदराला अजून रेंगाळत असतो. सगळा सापळा या नमुन्यात होता. ज्या माणसाने स्वतःहून पारख करायला लावली, त्याच्यावर संशय कोण घेणार?

बाटली आली. पार्सलचं सील फोडतानाचा व्हिडिओ काढायची त्याचीच अट होती, तोही काढला. पहिला फवारा मारला तेव्हा थंडावा कुठेच नाही. तान्ह्या बाळाला आंघोळीनंतर लावतात त्या पावडरीचा गोडसर वास, आणि दुपारी जेवायला बसेपर्यंत तोही गायब.

नमुन्याचे काही थेंब शिल्लक होते. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या काठाच्या दोन पट्ट्या कापल्या, मागे पेन्सिलीने खुणा केल्या, एकीवर नमुना, दुसरीवर बाटलीतलं. तासाभराने दोन्ही आमच्या आत्याबाईंच्या हातात दिल्या, काही न सांगता. त्या जन्मभर वळेसर ओवत आलेल्या, नाक तिखट. एक पट्टी लगेच बाजूला टाकली. “ह्यो तर नुसतो पावडरीचो वास गो. ह्येच्यात फूल खंय?” मागची खूण पाहिली तर बाटलीचीच.

मग भिंग घेऊन बसले. बाजारातल्या नेहमीच्या अत्तरांचा फवारा धातूच्या कडीने काचेवर दाबून बसवलेला असतो, तो काढायला गेलं की मोडतो. या छोट्या घराण्यांपैकी कित्येकांचा फवारा मात्र आट्यांचा असतो, सरळ फिरवून निघतो. माझ्या बाटलीच्या आट्यांत चिकट, पिवळसर सुकलेलं कडं होतं आणि धातूच्या गळपट्टीवर पकडीचा बारीक ओरखडा. अशा रिकाम्या बाटल्या खोक्यासकट ऑनलाइन उघड विकत मिळतात. त्यामुळे बॅच क्रमांक तपासून काही सिद्ध होत नाही, बाटलीची जन्मतारीख तेवढी कळते. आणि ‘टेस्टर’ म्हटलं की सेलोफेन का नाही, स्वस्त का, बिल का नाही, सगळ्याचं उत्तर तयार.

त्याला फोन केला तर पठ्ठ्याने शास्त्र सांगितलं. “ताई, आयोनोनने नाक थकतं, म्हणून वास येत नाही. त्यात तुमची कोकणातली दमट हवा!” पहिलं वाक्य खरं आहे बरं का. आयोनोनचा वास मध्येच नाहीसा होतो, मग परत येतो. पण नाक थकायचं तर नमुन्याच्या पट्टीवरही थकायला हवं होतं, आणि हवाही दोन्ही पट्ट्यांना एकच. हे म्हटल्यावर “फवारा मारलेला माल परत घेत नाही” असं उत्तर आलं, आणि त्यानंतर ब्लॉक.

पैसे यूपीआयने कुणा व्यक्तीच्या खात्यात गेले होते, दुकानाच्या नव्हे. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवले. तिथे पहिला प्रश्न पैसे कधी गेले हा असतो. खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत कळवलं तरच ती गोठवता येते. मी नमुना आणि बाटली ताडून पाहीपर्यंत ती वेळ टळली होती. विक्रेत्याचं नाव-पत्ता हाती असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. माझ्याकडे एक फोन नंबर होता, तोही आता बंद.

आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक छापलेला किंवा चिकटवलेला असावा लागतो. अत्तर त्यातच मोडतं. किरकोळ विक्रीच्या मालावर एमआरपीही हवी. नमुना घेतलात तर त्यातला निम्मा राखून ठेवा, आणि पैसे देण्याआधी त्या स्टिकरचा फोटो मागा.

तेच पान आता नव्या नावाने चालू आहे. फोटोत बाटलीमागे तीच वेताची खुर्ची. मावसभावाच्या फोनवरून चौकशी केली, तर नमुना उद्याच पाठवतो म्हणाला. स्टिकरचा फोटो मागितला, तर लगेच उत्तर आलं, “सर, स्टॉक संपला.”