मोरीत धुतलेले स्लाइडचे रोल: दहा महिन्यांचा अनुभव

फोटोच्या फिल्मचे रोल मी घरीच धुते. "अंधारखोली कुठे केलीस?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता मी काही बोलत नाही, कपाटातली काळी पिशवी काढून दाखवते. अंधार लागतो तो एवढाच, दोन हात आणि एक टँक, म्हणजे फिल्म धुण्याचा उजेड न शिरणारा डबा, मावेल इतका. रोल टँकमध्ये गेला आणि झाकण फिरलं की पुढचं सगळं घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या मोरीत, दिवा लावून, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत असताना चालतं.

गेल्या ऑक्टोबरपासून आजपर्यंत १२० चे, म्हणजे रुंद फिल्मचे, २२ रोल धुतले. सगळे रंगीत स्लाइडचे (फिल्मवरच सुलटं चित्र येतं ते), यशिका मॅट १२४जी कॅमेऱ्यात काढलेले, म्हणजे रोलला १२ फोटो. त्यातले तीन पार वाया गेले, चार-पाच 'चालतील' असे आहेत आणि उरलेले मी कुणालाही खिडकीशी नेऊन दाखवू शकते. आधी लॅबला देत होते. तिथे स्लाइडचे पुरेसे रोल जमेपर्यंत मशीनच लावत नसत. एकदा पाच आठवडे वाट पाहिली आणि रोल आला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चरा घेऊन. खराब करायचाच तर मी स्वतः करीन, असं म्हणून धुण्याच्या रसायनांचं किट मागवलं.

हे घरी जमतं तरी कसं, ते थोडक्यात. कोडाक्रोम या जुन्या स्लाइड फिल्मचं घरी काही करता यायचं नाही, कारण त्याचे रंग धुतानाच भरले जायचे. शेवटची लॅब अमेरिकेतल्या कॅन्ससमधली, तिनेही २०१० च्या अखेरीस ते बंद केलं. पण एक्टाक्रोम, प्रोव्हिया, वेल्व्हिया या फिल्मना १९७६ साली आलेली ई-६ पद्धत लागते आणि यांत रंग तयार होण्याचा माल फिल्ममध्येच असतो. पहिल्या द्रावणात, म्हणजे फर्स्ट डेव्हलपरमध्ये, काळी-पांढरी निगेटिव्ह उमटते. फिल्ममधली जी चांदी तेव्हा उमटत नाही तिच्यापासून कलर डेव्हलपरमध्ये खरं, सुलटं, रंगीत चित्र बनतं. मग ब्लिक्स, म्हणजे ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं तिसरं द्रावण, सगळी चांदी काढून टाकतो आणि मागे फक्त रंग उरतात. लॅबमध्ये हेच काम सहा-सात टप्प्यांत होतं, किटमध्ये तीन बाटल्यांत बसवलेलं असतं. यातून एकच गोष्ट पक्की डोक्यात ठेवायची: फर्स्ट डेव्हलपर चुकला की सगळं चुकलं. तो कमी पडला तर स्लाइड काळपट, जास्त झाला तर फिकी. नंतर काही सावरता येत नाही.

त्याला हवेत ३८ अंश, आणि तेही चोख. सगळे याच आकड्याला घाबरतात. मी टबात २० लिटर पाणी घेऊन त्यात सू-वीडची कांडी (पाणी ठरलेल्या तापमानावर धरून ठेवणारं स्वयंपाकाचं उपकरण) लावते, बाटल्या आणि टँक गळ्यापर्यंत बुडवून ठेवते. जानेवारीत पाणी तापायला पाऊण तास लागला. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून पाणी आलं तेच ३५ अंशांवर, कांडीला फारसं काही करावंच लागलं नाही. थंड देशातले लोक ज्या गोष्टीसाठी झगडतात ती ठाण्यात नळाला येते. एकदा ऐन कलर डेव्हलपरमध्ये लाइट गेले. दहा मिनिटांत टबातलं पाणी अर्धा अंशही उतरलं नाही, तेव्हापासून निर्धास्त आहे.

तरीही माझे पहिले दोन रोल काळपटच आले. कांडीवर ३८, काचेच्या थर्मामीटरवर ३८, वेळ घड्याळ लावून, आणि स्लाइड मात्र संध्याकाळी सात वाजता काढल्यासारख्या. चार दिवस उजेड मोजायच्या मीटरला, लेन्सला, नशिबाला दोष देऊन झाला. मग नवरा म्हणाला, "अगं, ३८ म्हणजे ताप ना? मग तापाच्या थर्मामीटरनेच बघ की!" खरंच, शंभर पूर्णांक चार फॅरनहाइट. ताप मोजायचा साधा डिजिटल थर्मामीटर नेमका त्याच टापूत अचूक असतो, त्याचा जन्मच त्यासाठी झालेला. टबात बुडवला तर ३६.५. माझी कांडी आणि काचेचा थर्मामीटर, दोघंही सारखंच खोटं बोलत होते! आता प्रत्येक रोलच्या आधी पाण्याचा ताप बघते. (घरच्यांसाठी नवा थर्मामीटर आणला. सासूबाईंनी जुन्यावर लाल नेलपॉलिशने फुली मारून ठेवलीय.)

म्हणजे तापमान हे संकट नाही. खरं संकट आहे घाम.

काळ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातले की बाहीच्या इलॅस्टिकने आतली हवा कोंडते. ऑक्टोबर हीट, पंखा बंद कारण पिशवी फडफडते, आणि दोन मिनिटांत आत दमट भट्टी. १२० च्या रोलला पाठीमागे कागद असतो. तो सोडवत गेलं की आधी फिल्मचं मोकळं टोक हाताला लागतं, आणि दुसरं टोक शेवटी, कागदाला पट्टीने चिकटवलेलं. हे मोकळं टोक टँकमधल्या रिळाच्या खाचेत घालून रीळ पुढे-मागे फिरवायचं. प्लॅस्टिकचं रीळ जरा जरी दमट असलं की फिल्म दुसऱ्या वेढ्याला अडते. मग तुम्ही जरा जोर लावता. बोटाखाली फिल्म 'टक' असा बारीक आवाज करते. तो आवाज आला की समजायचं, त्या फोटोच्या आकाशात नखाएवढी चंद्रकोर उमटली. माझ्या दिवाळी पहाटेच्या रोलमध्ये, तलावपाळीवर नटूनथटून आलेल्या मुलींच्या डोक्यावर अशा चार चंद्रकोरी आहेत. वाया गेलेला तिसरा रोल पिशवीतच गेला: फिल्म एकाच खाचेत दोनदा शिरली, एकमेकींना चिकटली आणि तिथे द्रावण पोचलंच नाही.

यावर मी जे करते ते असं. बेडरूमचा एसी अर्धा तास आधी लावते. रीळ आदल्या रात्री धुऊन ठेवते आणि सकाळी हेअर ड्रायरने कोरडं करते, नुसतं पुसून भागत नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण वाळू देते. आणि मोकळ्या टोकाऐवजी पट्टीचं टोक आधी घालते: सगळा रोल सोडवायचा, पट्टी कागदापासून सावकाश सोडवायची, तीच फिल्मच्या कडेवर दुमडायची. कड जाड आणि ताठ होते, खाचेत सरळ जाते. सावकाश म्हणजे खरंच सावकाश, कारण चिकटपट्टी खस्सकन ओढली तर तिथे क्षणभर निळसर उजेड पडतो. मुदत संपलेला एक रोल बळी देऊन आधी उघड्या डोळ्यांनी, मग डोळे मिटून, मग पिशवीत असा सराव केला. तो रोल अजून ठेवलाय, सुट्टीनंतर हात बसवायला लागतो.

टँकबद्दल फार तक्रार नाही. १२० च्या एका रोलला ५०० मिलिलिटर द्रावण लागतं, म्हणजे नेहमीच्या छोट्या पस्तीस एमएम रोलच्या दीडपटीहून जास्त, हे किट घेताना लक्षात ठेवा. माझ्या टँकचं झाकण उलटं केलं की थेंब-थेंब गळतं. ब्लिक्समुळे आत दाब तयार होतो, तेव्हा तर फुसकारा सोडतं. थोड्या थोड्या वेळाने झाकण सैल करून हवा सोडली तर बरं. मोरीच्या पांढऱ्या फरशीवरचे ते तपकिरी डाग कशानेही गेले नाहीत, आता तिथे बादली ठेवते. वास ब्लिक्सचाच, नाकात झोंबणारा. एक्झॉस्ट फॅन आणि हातमोजे लागतातच. कलर डेव्हलपर कातडीला तर अजिबात लागू देऊ नका, त्याची ॲलर्जी उठू शकते.

एक प्रसंग सांगायलाच हवा. सुरुवातीला मी द्रावणं रिकाम्या सरबताच्या बाटल्यांत भरत होते, कारण बाटली दाबून हवा काढता येते आणि डेव्हलपर हवेने खराब होतो. एका दुपारी सासूबाईंनी बाटली उजेडाला धरून विचारलं, "अगं, हे कोकम कधीचं? रंग असा का झालाय?" माझे हातपाय गार पडले. त्याच संध्याकाळी खायच्या-प्यायच्या वस्तूच्या सगळ्या बाटल्या हद्दपार झाल्या. आता काळ्या, लेबल लावलेल्या बाटल्या, त्याही कुलपात. वापरलेला ब्लिक्सही मोरीत सोडत नाही, त्यात फिल्ममधली चांदी असते. वेगळ्या कॅनमध्ये लोखंडी तारेचा बोळा टाकून ठेवते, चांदी लोखंडावर गाळ होऊन बसते. स्टेनलेस स्टीलची घासणी इथे चालत नाही.

ओली स्लाइड पहिल्यांदा हातात आली तेव्हा दुधाळ, निळसर दिसली आणि रडू यायचं बाकी राहिलं. वाळली तशी ती उघडली. ५६ बाय ५६ मिलिमीटरचं उपवन तलाव, पाण्यात येऊरचा डोंगर, खिडकीच्या उजेडात. सासऱ्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या आग्फा क्लिक थ्रीलाही बाराच फोटो यायचे, पण हा रंग कुठला!" तीन बाटल्यांचं किट लॅबइतके तटस्थ रंग देतं असं मी म्हणणार नाही. सावल्यांत कधी निळसर झाक येते, आणि किट जुनं होत जाईल तशी ती वाढते. एक रोल मळकट दिसत होता, उजळ भागात राखाडी पापुद्रा असल्यासारखा. तो पुन्हा दहा मिनिटं ब्लिक्समध्ये घातला आणि लख्ख झाला. आत राहिलेली चांदी होती ती. हे टप्पे उजेडात पुन्हा करता येतात, हा मोठा दिलासा.

आमच्या सोसायटीत वर्षातले निम्मे दिवस टँकरचं पाणी असतं, म्हणून शेवटचं पाणी डिस्टिल्डच, बॅटरीवाल्याकडून आणलेलं. नाहीतर आकाशावर पांढरे ठिपके. वाळवण्यासाठी मोरीतच आधी गरम पाण्याचा नळ सोडते, वाफेने धूळ खाली बसते, मग दोरीला चिमटे लावून रोल टांगते. उन्हाळ्यात दोन तासांत काम होतं. जुलैत एक रोल रात्रभर ओला राहिला आणि सकाळी त्यावर एक चिलट कायमचं चिकटलेलं होतं, नेमकं खाडीवरच्या फ्लेमिंगोंच्या थव्यात. लांबून बघणाऱ्याला तोही पक्षीच वाटतो.

पैशांचं म्हणाल तर माझ्या एक लिटरच्या किटमध्ये मी ८ रोल काढते, दर दोन रोलनंतर फर्स्ट डेव्हलपरची वेळ कागदावर दिल्याप्रमाणे वाढवत. त्या हिशेबाने रोलमागे लॅबच्या निम्म्याच्या आसपास पडतं, पण कधी? आठही रोल तीन-चार आठवड्यांत धुतले तर. दुसरं किट मी दोन महिने ताणलं आणि शेवटच्या दोन रोलना त्याची किंमत मोजावी लागली. महिन्याला एखादाच रोल काढत असाल तर लॅबच बरी, चरा आला तरी. रोल साठवून एकदम बसायची सवय असेल तर घ्या. आणि मीटर नीट वापरता येत नसेल तर आधी ते शिका, कारण स्लाइड एका स्टॉपची (दुप्पट किंवा निम्म्या उजेडाची) चूकही माफ करत नाही आणि तुम्ही विनाकारण किटला शिव्या घालाल.

सध्या फ्रीजरमध्ये, ओल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी, प्रोव्हियाचे पाच रोल पडून आहेत, सगळे पावसातले. गणपतीचे तीन त्यात येतील. नवं किट आणून ठेवलंय, पण हवा कोरडी होईपर्यंत त्याचं सील फोडणार नाही.