इंटरेस्ट शोधायचं टूल: नागपूरच्या दुकानांसाठी वापरताना आलेला अनुभव

इतवारी, महाल, सदर भागातल्या छोट्या दुकानदारांच्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती लावून देणं हा माझा धंदा आहे. जाहिरात कुणाला दाखवायची हे ठरवायला तिथे लोकांच्या आवडीनिवडींची नावं निवडता येतात, त्यांना इंटरेस्ट म्हणतात. मागच्या दिवाळीच्या सीझनआधी असे इंटरेस्ट शोधायचं एक टूल घेतलं. संत्र्याचा आंबिया बहार झाला, मृगाचा माल बाजारात आला, आणि अजूनही ते माझ्याकडे रोज उघडतं. नाव लिहीत नाही, कारण या प्रकारची बहुतेक टूल्स एकाच विहिरीतलं पाणी काढतात. ती विहीर म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाचा मार्केटिंग एपीआय, बाहेरच्या टूल्सना मेटाची माहिती मिळायचा दरवाजा. त्यामुळे पुढचं बरंचसं कुठल्याही टूलला लागू पडेल.

काम साधं आहे. ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे जिथून मेटावर जाहिराती लावतात तिथे, एखादा शब्द टाकला की मोजकीच नावं खाली येतात. टूलमध्ये तोच शब्द टाकला की लांबलचक यादी मिळते. प्रत्येक नावासमोर ऑडियन्सचा, म्हणजे जाहिरात पोचू शकेल अशा लोकांचा, किमान-कमाल आकडा, ते कुठल्या वर्गात मोडतं, आणि जुळती आणखी नावं. हवी ती निवडा, कॉपी करा, ॲड्स मॅनेजरमध्ये टाका.

याचा खरा उपयोग मला इतवारीतल्या एका साडीच्या दुकानासाठी झाला. तिथे करवती काठाच्या टसर रेशमाच्या साड्या मिळतात, विदर्भातल्या हातमागाच्या, भौगोलिक मानांकन मिळालेल्या. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. दुकानाच्या मालकीणबाई सांगायच्या, "भाऊ, फोन तर लई येऊन राहिले, पण सगळे विचारतात पाचशेवाली आहे का." आधी इंटरेस्टमध्ये नुसतं 'साडी' आणि 'शॉपिंग' होतं, म्हणजे अख्खा बाजार. टूलमध्ये 'करवती' टाकून काहीच हाती लागलं नाही. मग माल सोडून गिऱ्हाईक शोधायला बसलो. हातमाग, रेशीम, पैठणी, हस्तकला, नैसर्गिक रंग, मग तिथून शास्त्रीय संगीत आणि भरतनाट्यमपर्यंत गेलो. एका शब्दावर क्लिक केलं की शेजारची दहा नावं उघडतात, आणि त्यातली दोन-तीन अशी असतात जी आपल्याला एरवी सुचलीच नसती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नवीन लोक इथेच अडकतात. एकाच चौकटीत दहा इंटरेस्ट टाकले तर 'यातलं कुठलंही एक' असा अर्थ होतो आणि ऑडियन्स फुगतो. 'हातमाग' एका चौकटीत आणि 'शास्त्रीय संगीत' नॅरो करून (म्हणजे आणखी एक अट घालून) दुसऱ्या चौकटीत टाकलं, तर दोन्ही लागू होणारेच उरतात. साडीच्या जाहिरातीत हेच केलं. फोन कमी झाले, पण येणारे टसर म्हणजे काय ते जाणून विचारू लागले. मालकीणबाईंना हेच हवं होतं.

आता तक्रार. टूलमधला ऑडियन्सचा आकडा जगभरातला असतो, नागपूरचा नाही. काही कोटींचा आकडा बघून क्लायंट खूश होतो, आणि तोच इंटरेस्ट ॲड्स मॅनेजरमध्ये इतवारीवर पिन टाकून लावला की मूठभर माणसं उरतात. टूलवाल्यांनी हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे, लिहीत नाहीत. शहराच्या जाहिरातीसाठी अंदाज कायम ॲड्स मॅनेजरमधलाच धरा.

दुसरं, काही नावं यादीत दिसतात पण मेटा घेत नाही. जानेवारी 2022 पासून मेटाने आरोग्य, धर्म, राजकीय कल, वंश, लैंगिक कल अशा संवेदनशील विषयांशी जोडलेले पर्याय काढून टाकले, आणि त्यानंतरही छाटणी सुरूच आहे. कॉपी करून टाकल्यावर नाव गायब झालं तर आपल्याकडून काही चुकलं असं समजू नका.

सारख्या नावांचाही घोळ आहे. काटोलच्या एका बागायतदारासाठी पुण्या-मुंबईत संत्र्याच्या पेट्या विकायच्या होत्या. 'ऑरेंज' टाकलं तर फळाबरोबर रंगही येतो आणि त्याच नावाची फ्रेंच टेलिकॉम कंपनीही. वर्गाचा रकाना पाहूनच निवडावं लागतं. हा रकाना ज्या टूलमध्ये नसेल ते घेऊ नका, एवढं मी ठामपणे सांगेन.

लोक मला विचारतात, आता मेटा स्वतःच ऑडियन्स शोधतं, मग याची गरज काय? ॲडव्हांटेज प्लस ऑडियन्स या मेटाच्या आपोआप शोधणाऱ्या पर्यायात आपण दिलेले इंटरेस्ट नुसती सूचना म्हणून धरले जातात, हे खरं आहे. भरपूर खरेदीचा डेटा असलेल्या मोठ्या ब्रँडला ते पुरतं. पण नवं पेज, पिक्सेलमध्ये (वेबसाइटवर कोण आलं, काय घेतलं हे टिपणारा मेटाचा कोड) काही नाही, रोजचं बजेट तीनशे रुपये, अशा दुकानाला सुरुवातीची दिशा चांगली मिळाली तर पैसे वाचतात. माझे जवळपास सगळे क्लायंट याच प्रकारातले आहेत, आणि त्यांचा एकेक रुपया गल्ल्यातून निघतो. म्हणून मी यादी करायला वेळ घालतो.

एकाच दुकानाची जाहिरात लावणार असाल तर एक महिन्याचा प्लॅन घ्या, यादी एक्सेलमध्ये उतरवून ठेवा आणि बंद करा. सतत नवे क्लायंट येत असतील तर वर्षाचा प्लॅन परवडतो. मी तोच घेतला आहे. मराठीत टाकलेल्या शब्दांवर मात्र अजून फारच थोडं सापडतं, इंग्रजीतूनच शोधावं लागतं. टूलच्या सपोर्टला तसं लिहिलं आहे, उत्तर आलेलं नाही.