कोलायटिस, क्रोन्स आणि ताण : आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स घ्यावा की दहा दिवसांचं विपश्यना शिबिर?

ठाणे-नवी मुंबईत नातेवाईक आधी विपश्यना सुचवतात. बेलापूरला पारसिक डोंगरावरचं धम्म विपुल केंद्र जवळ आहे आणि शुल्कही नाही. तरीही कोलायटिस किंवा क्रोन्ससारखा, आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार असेल, तर सुरुवात आठ आठवड्यांच्या कोर्सने करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एमबीएसआर (माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजग लक्ष देऊन ताण कमी करणं) हा आठ आठवड्यांचा कोर्स जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला, आणि तोही जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी. आठवड्याला साधारण अडीच तासांचं सत्र, मध्ये एक पूर्ण दिवस, घरी रोज ४५ मिनिटं. गाडं अडतं ते या ४५ मिनिटांपाशी. वीसपासून सुरू करा, पण रोज करा. बॉडी स्कॅनमध्ये आडवं पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष न्यायचं असतं. पोटाशी आलं की गुडगुड, कळ जास्त जाणवते आणि ‘आता लागणार’ ही धास्ती उसळते. अशा वेळी लक्ष तळपायावर किंवा पंख्याच्या आवाजावर आणा, जरा स्थिरावलं की पोटाकडे परता. शौचाला उठावं लागलं तर बिनदिक्कत उठा. परत येऊन पुढे सुरू करा.

शिबिरात हीच मोकळीक कमी. पहाटे चारला उठायचं, दिवसभरात दहा तासांच्या आसपास ध्यान, मौन, आणि काही दिवसांनंतर तासभर न हलता बसायचे संकल्प. जेवण सगळ्यांना एकच. ज्यांना चोथा, डाळी किंवा दूध सोसत नाही त्यांचे हाल होतात. आजार शांत असेल आणि डॉक्टरांची संमती असेल तरच जा. अर्जात आजार आणि औषधं लपवू नका.

आजार उफाळलेला असेल तर कोर्सचा ऑनलाइन वर्गच बरा. लोकलमध्ये शौचालय नसतं, त्यामुळे ठाणे-वाशी प्रवासाच्या धास्तीनेच सत्राआधी पोट बिघडतं.

दोन्हींपैकी कशानेही आतड्याची सूज खात्रीने उतरते असं दिसलेलं नाही. फायदा ताण आणि रोजच्या जगण्यात होतो. म्हणून मेसालामीन किंवा अझाथायोप्रिन ही सूज आटोक्यात ठेवणारी औषधं स्वतःहून बंद करू नका. शौचातून रक्त, ताप, घटतं वजन किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर ते ताणावर न ढकलता आधी पोटविकारतज्ज्ञ गाठा.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.