दुसरीच्या वर्गासाठी गणितपेटी: घेण्याआधी काय तपासावं

सांगली-मिरजेतल्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत ‘गणितपेटी’ म्हणून जो प्लॅस्टिकचा डबा मिळतो, त्यात साधारणपणे 100 मण्यांची माळ, 100 सुटे एकक, 10 दशकदांडे (एकेक दांडा दहा एककांचा), एक शतकपाटी (शंभर एककांची चौकोनी पाटी), संख्याकार्डं, तीन दांड्यांचा मणिफलक, खेळातल्या नोटा आणि फासे असतात. दुसरीच्या वर्गात सध्या हातच्याची बेरीज-वजाबाकी चालू आहे. त्या कामाला ही पेटी कितपत पुरते, एवढंच इथं पाहिलंय. पेटी घेण्यासारखी आहे. पण तिच्यातला दशक मोडत नाही, आणि या वर्गाला नेमकं दशक बांधायला आणि मोडायलाच शिकायचं असतं.

मुलांच्या वह्यांत सध्या तीन चुका हमखास सापडतील. 27 + 15 चं उत्तर 312: एकक 12, दशक 3, दोन्ही शेजारी शेजारी लिहून मोकळं. 52 − 27 चं उत्तर 35: वरच्या 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून 7 मधून 2 वजा. आणि 50 − 23 चं उत्तर 33: शून्यातून काय काढणार, म्हणून 3 तसाच खाली उतरवला. तिन्हींचं मूळ एकच. दशकाच्या घरातला 5 म्हणजे पाच वस्तू नव्हेत, दहा-दहाचे पाच गठ्ठे आहेत, हे मुलाच्या हाताला अजून कळलेलं नाही. रीत कितीही घोटून घेतली तरी ते कळत नाही. साहित्य हवं ते इथं.

पेटीतला दशकदांडा 10 सेंटिमीटरचा, त्यावर खाचांनी पाडलेले दहा भाग. मोठ्यांना त्यात दहा एकक दिसतात. मुलाला मात्र एक दांडी दिसते, आणि ‘किती?’ विचारलं की तो ‘एक’ म्हणतो. वजाबाकीत तो दांडा देऊन दहा सुटे घ्यावे लागतात, म्हणजे अदलाबदल करावी लागते. ज्याने दशक आधी स्वतः बांधलाय त्यालाच ही अदलाबदल पटते. म्हणून दांडे काढण्याआधी निदान दोन आठवडे काड्यांचे गठ्ठे वापरावेत. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळांनी अशाच काड्या, खडे, बिया हाताशी धरून वर्ग चालवले आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येत राहिले. दुकानातल्या कोणत्याही पेटीपेक्षा ही सुरुवात पक्की असते.

काड्या खराट्याच्या किंवा आइस्क्रीमच्या घ्याव्यात, सगळ्या एका लांबीच्या. जत-आटपाडीकडे शाळूची धाटं भरपूर मिळतात, पण त्यांच्या सालीची धार बोटं कापते आणि वर्षभरात कीड लागते. शिराळ्याकडच्या बांबूच्या कामट्यांची कुसळं आधी घासून काढावी लागतात. गठ्ठ्याला रबरबँड लावू नये, एका उन्हाळ्यात ते चिवटपणा सोडून तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंदीचे काप घ्यावेत, ते टिकतात आणि मुलांना चढवता-काढता येतात. 52 − 27 करताना मूल पाच गठ्ठे आणि दोन काड्या मांडतं, एक गठ्ठा सोडतं, हातात 4 गठ्ठे आणि 12 काड्या येतात, त्यातून 7 काड्या आणि 2 गठ्ठे बाजूला काढतं. उरतात 25. ‘हातचा’ हा शब्द त्यानंतर सांगावा, आणि वहीतली मांडणी सगळ्यांत शेवटी.

हे जमलं की पेटीतले दांडे फार उपयोगी. मांडायला झटपट, मोजायला स्वच्छ. घेताना दुकानातच दहा सुटे एकक दांड्याला लावून पाहावेत. लांबी काटेकोर जुळायला हवी. स्वस्त पेट्यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघतो, आणि मग मूल म्हणतं की हे दहा नाहीत. त्याचं म्हणणं बरोबरच असतं.

खरी अडचण संख्येची आहे. तीस मुलांचा वर्ग, पाच-पाचचे सहा गट धरले, तर प्रत्येक गटाला 10 दशक आणि 20 सुटे लागतात. दोन अंकी बेरीज-वजाबाकीत एककाच्या घरात एका वेळी 18 पेक्षा जास्त सुटे येत नाहीत, म्हणून 20 पुरतात. एकूण 60 दांडे आणि 120 सुटे झाले. एका पेटीत दांडे फक्त 10. सहा पेट्या घेतल्या तर दांडे बरोबर होतील, पण सुटे 600 येतील आणि त्यातले 480 पडून राहतील. त्यामुळे एक पेटी, वेगळे मागवलेले 50 दांडे आणि 20-25 जादा एकक, असा हिशेब ठेवावा. एकक 1 सेंटिमीटरचे असतात. वर्गात अंगणवाडीच्या वयाची धाकटी भावंडं येऊन बसत असतील तर ते मोजूनच डब्यात परत घ्यावेत, तोंडात जातात.

मणिमाळ पेटीतली सगळ्यांत चांगली वस्तू. दर दहा मण्यांनी रंग बदलतो ना, एवढं पाहावं. मणी 10 मिलिमीटरचे असतील तर नुसते मणीच एक मीटर जागा घेतात. दोरा त्याहून वीतभर लांब हवा, नाहीतर मणी सरकत नाहीत आणि माळ नुसती शोभेची होते. 38 + 7 करताना आधी 2 सरकवून 40 पूर्ण करायचे, मग 5, हे माळेवर लख्ख दिसतं. ती मुलांच्या छातीच्या उंचीवर बांधावी.

संख्याकार्डांत मात्र बहुतेक पेट्या फसतात. 20 च्या कार्डावर 7 चं कार्ड ठेवलं की शून्य झाकून 27 दिसायला हवं. त्यासाठी दशकाचं कार्ड एककाच्या कार्डाच्या बरोबर दुप्पट रुंद लागतं. सगळी कार्डं एकाच मापाची असतील तर ती या कामाची नाहीत. पुठ्ठा कापून 1 ते 9 आणि 10 ते 90 अशी 18 कार्डं वर्गातच करावीत. दुसरीला तेवढी पुरतात.

मणिफलकाच्या दांड्या पाहाव्यात. काहींत नऊच मणी मावतात. संख्या दाखवायला ते ठीक, पण 7 + 5 करताना दहावा मणी चढलाच नाही तर अदलाबदल कशासाठी करायची, ते मुलाला दिसणार नाही. बेरजेसाठी 18-20 मणी मावतील अशा उंच दांड्या हव्यात. तिन्ही दांड्यांना वेगळे रंग असतील तर मूल रंगावरून दशक ओळखायला लागतं, जागेवरून नाही. शक्य असेल तर एकरंगी घ्यावा.

नोटांतल्या 1, 10 आणि 100 च्याच आत्ता लागतील. 5, 20, 50 बाजारहाटाच्या खेळासाठी जपून ठेवाव्यात, कारण दशक शिकताना त्या गोंधळ करतात. काही पेट्यांत अजून 2000 च्या नोटा असतात. त्या काढून टाकल्या तरी चालेल.

फाशांचा खेळ रोज दहा मिनिटं घ्यावा. दोन फासे टाकायचे, येतील तेवढे एकक घ्यायचे, दहा झाले की दांडा. 50 ला आधी पोचेल तो जिंकला. लगेच उलटा डाव: पाच दांडे घेऊन सुरुवात करायची आणि येतील तेवढे परत द्यायचे. दहा सोडून काहीही पडलं तरी पहिल्याच फेकीला दांडा देऊन सुटे घ्यावे लागतात. वजाबाकी इथं बसते, म्हणून वेळ कमी असेल तर उलटाच डाव घ्यावा.

माहितीपुस्तिका बऱ्याचदा फक्त इंग्रजीत असते. दुकानदाराकडे मराठी प्रत मागावी, काहींकडे ती असते. कृष्णाकाठच्या गावांत पावसाळ्यात कार्डं आणि नोटा ओल धरून फुगतात. त्या चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी मढवून वरच्या फळीवर ठेवाव्यात. प्लॅस्टिकचे दांडे-एकक साबणाच्या पाण्यात धुतले की पुन्हा वापरता येतात.