सत्तरीत चीनची ग्रुप टूर : राग आणि कौतुक दोन्ही ओसरल्यावर

टूरहून आल्याआल्या लिहायला बसलो असतो तर शिव्या तरी घातल्या असत्या नाहीतर आरती ओवाळली असती. आता काही महिने उलटलेत, माझा गुडघाही ताळ्यावर आलाय. बीजिंग, शीआन, शांघाय हा नेहमीचाच मार्ग, मराठी टूर मॅनेजर आणि बरोबर बहुतेक साठी ओलांडलेली मंडळी.

आमच्या वयात चीनला ग्रुपनेच जावं, हे माझं मत अजून कायम आहे. तिथे भाजलेल्या कणसाचे पैसेसुद्धा मोबाइलवर कोड स्कॅन करून देतात, अलीपे नाहीतर वीचॅट. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअॅप आणि गूगल चालत नाही; भारतातून रोमिंग घेऊन गेलात तर चालतं. मोठ्या ठिकाणांची तिकिटं पासपोर्ट नंबरवर आधीच काढावी लागतात. ही सगळी डोकेदुखी मॅनेजरच्या गळ्यात होती, आणि तो त्यात तरबेज होता. पॉवर बँकवर '३सी'चा, म्हणजे चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राचा शिक्का आहे का, हे मात्र त्याने निघण्याआधी सांगायला हवं होतं. जून २०२५पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानात त्याशिवाय चालत नाही. आमच्यातल्या दोघांच्या विमानतळावरच गेल्या.

चालणं मात्र ब्रोशरमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. बीजिंगच्या निषिद्ध नगरीत, म्हणजे जुन्या राजवाड्यात, दक्षिणेच्या दाराने शिरायचं आणि उत्तरेच्या दाराने बाहेर पडायचं. आतलं सरळ अंतर जेमतेम किलोमीटरभर, पण त्याआधी तिआनआनमेन चौकातल्या तपासणीच्या रांगा, आत फरसबंदी, पायऱ्या, उंच उंबरे. मध्येच दमलात तर बस आत येत नाही. त्या मानाने चीनची भिंत सोपी गेली. आम्हाला भिंतीच्या मूतियानयू भागात नेलं, तिथे केबल कार थेट चौदाव्या बुरुजापाशी सोडते. वरच्या पायऱ्या मात्र विचित्र, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. आमची ही दोन बुरूज पुढे जाऊन आली. मी कठड्याला टेकून डोंगर बघत बसलो आणि पैसे तिथेच वसूल झाले.

जेवणात भारतीय हॉटेलांचा रतीब होता, त्याबद्दल तक्रार नाही. ट्रेनमध्ये उकळतं पाणी फुकट मिळतं, त्यामुळे चहाची पाकिटं आणि कपातला उपमा कामी आला. टिश्यू पेपर खिशात हवाच, सार्वजनिक स्वच्छतागृहात तो असेलच असं नाही, आणि बऱ्याच ठिकाणी उकिडवं बसायची पद्धत.

राग एकाच गोष्टीचा उरलाय. बीजिंगहून शीआनला जाणारी आमची बुलेट ट्रेन शिजियाझुआंगवरून गेली. जपानशी लढणाऱ्या चिनी जखमींवर उपचार करायला १९३८ साली चीनला गेलेल्या आणि १९४२ साली तिथेच वारलेल्या आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी त्या शहरात आहे. ग्रुपमधल्या एका सोलापूरकर जोडप्याने मुंबईतच विचारलं होतं, अर्धा दिवस उतरता येईल का? 'प्रोग्रॅममध्ये बसत नाही.' जेड, रेशीम आणि गाद्यांच्या दुकानांत मिळून त्याहून जास्त वेळ गेला, आणि तिथून लवकर निघायचं म्हटलं की लोकल गाइडचं तोंड वाकडं.

तेव्हा बुकिंगच्या वेळी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा : दुकानं किती, भिंतीवर केबल कार धरलेली आहे का, आणि एखादा दिवस हॉटेलवर थांबलो तर चालेल ना. तिसऱ्याला आढेवेढे घेतले तर दुसरी कंपनी बघा.