पर्यावरण शिकायचंय, पण नेटवर नेमकं कुठून? इंदूरच्या घरात बसून केलेली तुलना

समोरच्या वहिनींची मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, वहिनी स्वतः ओला-सुका कचरा इतक्या निगुतीने वेगळा करतात की कचरागाडीवाले भैया त्यांना नावाने ओळखतात, आणि त्यांचे सासरे, म्हणजे आमच्या गल्लीचे आजोबा, रोज सकाळी पेपरातला एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, मोठ्याने वाचून दाखवतात. परवा तिघांनी मिळून एकच विचारलं, की पर्यावरणाबद्दल नीट शिकायचंय, नेटवर ढीगभर आहे, त्यातलं काय धरू आणि काय सोडू? मी चार-पाच वर्षं यातलं बरंचसं वापरतेय, म्हणून म्हटलं एकदा सविस्तरच लिहून टाकू, बाकीच्यांनाही कामी येईल.

आधी भाषेचं बोलते, कारण आपल्याकडे गाडी तिथेच अडते किंवा तिथूनच सुटते. आपल्या घरात बोलणं मराठी, शाळा हिंदी नाहीतर इंग्लिश मीडियम, आणि वाचन हाताला लागेल त्या भाषेत. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला हिंदी साइट परकी वाटत असेल, आपल्याला नाही वाटत, आणि या विषयावर हिंदीत ऑनलाइन वाचायला मराठीपेक्षा बरंच जास्त आहे. तेव्हा "मराठीत फार काही नाही" म्हणून थेट इंग्लिशमध्ये उडी मारायची गरज नाहीये. मी तीच चूक केली होती, एका बाहेरच्या साइटवर पैसे भरून सस्टेनेबिलिटीचा कोर्स घेतला, आणि त्यातली सगळी उदाहरणं अमेरिकेतल्या घरांची, तिथल्या लॉनची, तिथल्या गाड्यांची. तिसऱ्या आठवड्यात सुटला तो. माझ्या नळाला येणारं पाणी जलूदहून, जवळजवळ सत्तर किलोमीटरवरून, नर्मदेतून उपसून वर चढवून येतं, आणि मला शिकायचं होतं ते याबद्दल.

तर रोजच्या वाचनासाठी दोन नावं समोरासमोर ठेवते, डाउन टू अर्थ आणि मोंगाबे इंडिया. डाउन टू अर्थ १९९२ पासून निघतंय, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटशी (सीएसई) जोडलेलं, जी संस्था अनिल अगरवालांनी १९८० मध्ये सुरू केली. मोंगाबे इंडिया त्यामानाने नवीन, २०१८ चं. दोघांच्याही हिंदी साइट आहेत आणि त्या वाचायला पैसे पडत नाहीत, डाउन टू अर्थचा अंक घरी हवा असेल तर वर्गणी. पण दोघांचा स्वभाव वेगळा आहे. डाउन टू अर्थ भांडतं, म्हणजे चांगल्या अर्थाने, सरकारी धोरण, पाणी, कचरा, शेती, अन्नातली भेसळ, सगळ्यावर त्यांची स्वतःची बाजू असते आणि ती ते लपवत नाहीत. मोंगाबे जागेवर जाऊन, चार लोकांशी बोलून, सावकाश लिहितं, जंगल, प्राणी, नद्या, सौरऊर्जा असे विषय जास्त. शाळेच्या किंवा मंडळाच्या स्मरणिकेत लेख घ्यायचा असेल तर मोंगाबे सोयीचं, कारण श्रेय देऊन त्यांचे लेख पुन्हा छापायला ते मोकळीक देतात.

दोन्हीतलं एकच निवड म्हणाल तर मी डाउन टू अर्थ हिंदी म्हणेन, आणि त्याला कारण आहे आपल्या जवळचं कारखान्यांचं पीथमपूर. २०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा १२ कंटेनरमधून पीथमपूरला आला तेव्हा सगळ्यांच्या फोनवर काय काय फिरत होतं ते आठवा, अर्धी घाबरवणारी माहिती आणि अर्धी "काही होत नाही हो" म्हणणारी. त्या आठवड्यात मला आधार झाला तो नव्या बातम्यांचा नाही, जुन्या कामाचा. सीएसईने २००९ मध्येच भोपाळच्या त्या कारखान्याच्या आवारातली आणि आसपासची माती आणि भूजल तपासलं होतं, आणि ते वाचल्यावर कळतं की ३३७ टन हा गोळा करून बांधून ठेवलेला भाग, १९८४ च्या आधीपासून जमिनीत मुरत गेलेलं वेगळंच. इतकी वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे असलेली जागा वाचायला हवी ती अशा वेळी. (पाण्यापुरतं बोलायचं तर इंडिया वॉटर पोर्टल पण बघा, ते पण हिंदीत आहे, अर्घ्यम संस्थेने सुरू केलेलं. नर्मदेचं पाणी चढवायला केवढी वीज लागते, म्हणूनच तर आपल्या महापालिकेने २०२३ मध्ये ग्रीन बॉन्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून २४४ कोटी उभे केले, जलूदच्या सोलर प्लांटसाठी. पाणी आणि वीज हे दोन वेगळे विषय नाहीतच हे मला तिथून उमगलं.)

आता आजोबांसाठी, ज्यांना मराठीच हवंय. परी, म्हणजे पी. साईनाथांनी २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेलं पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया. त्यातले भरपूर लेख मराठीत आहेत, माणसांनी मन लावून केलेले अनुवाद आहेत, आणि हवामान बदलावर त्यांची एक अख्खी मालिका आहे ज्यात शास्त्रज्ञ कमी आणि शेतकरी, मच्छीमार, मेंढपाळ जास्त बोलतात. ग्राफ नाहीत, आकडे थोडे, पण पाऊस बदलला म्हणजे घरात नेमकं काय बदलतं ते कळतं. दुसरं, पुण्याहून चालणारं भवताल, पाणी, हवामान, खडक, जैवविविधता यावर मुळातच मराठीत लिहिलेलं, अनुवाद नाही, त्यामुळे वाचायला गोड, पण साहजिकच महाराष्ट्रावर भर, माळवा फारसा सापडत नाही. आणि तिसरं, ज्याचा कुणी विचारच करत नाही, महाराष्ट्राच्या बालभारतीची पाठ्यपुस्तकं. अकरावीचं "पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा" मराठीत पीडीएफ मिळतं, फुकट. परिसंस्था, अन्नजाळी, भूजल हे मराठी शब्द आपल्या मुलांना येतच नाहीत, कारण शाळेत त्यांनी ते हिंदी-इंग्लिशमध्ये शिकलेले असतात, तर आजोबा-नात मिळून वाचायला यापेक्षा चांगलं काही नाही असं मला मनापासून वाटतं.

कोर्सचं थोडक्यात सांगते. बीएस्सीवालीला सर्टिफिकेट आणि क्रेडिट हवेत, तिने सरळ स्वयम घ्यावं. ऑनलाइन कोर्सची सरकारी साइट आहे, २०१७ पासून आहे, शिकायला फी नाही, परीक्षेला बसायचं असेल तरच भरायची, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते त्यामुळे त्या कागदाला वजन असतं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, पण आपलं कॉलेज कुठला कोर्स मानतं हे आधी कॉलेजात विचारूनच नाव नोंदवायचं, नंतर नाही. याच्यासमोर यूएन सीसी लर्न, संयुक्त राष्ट्रांचं, तेही फुकट, आपल्या वेळेने करायचं, शेवटी क्विझ पास केली की सर्टिफिकेट. हवामान बदलाची ओळख करून घ्यायला हे सोपं आणि छोटं आहे, नोकरी किंवा घर सांभाळून करणाऱ्यांना हेच बरं. पण स्वयममध्ये दर आठवड्याला असाइनमेंटची तारीख असते, आणि माझ्यासारखीला ती तारीखच पुढे नेते, मोकळं सोडलं की कोर्स मागेच पडतो.

आता एक्यूआय, इथे जरा थांबते कारण आजोबांचा आणि नातीचा यावरून रोज वाद होतो. आजोबा समीर अ‍ॅप बघतात, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, नात एक परदेशी अ‍ॅप बघते, आणि एकाच सकाळी, एकाच इंदूरचे, दोन आकडे येतात. दोघंही खोटं बोलत नाहीयेत! पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचं, प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय मोजपट्टीवर तो आकडा १०० येतो, म्हणजे "समाधानकारक"ची वरची कड, आणि अमेरिकन मोजपट्टीवर तीच हवा दीडशेच्या पुढे जाऊन "आरोग्याला अपायकारक" ठरते. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी जी पातळी सांगितली ती तर १५ आहे. शिवाय समीरमधला आकडा २४ तासांच्या सरासरीवर निघतो, तर बरीच परदेशी अ‍ॅप आत्ताच्या तासाकडे झुकलेली असतात, त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके चालू असताना समीर हळूहळू वर चढतं आणि दुसरं एकदम उडी मारतं. आणखी एक, एक्यूआय म्हणजे सगळ्या प्रदूषकांची सरासरी नव्हे, ज्याची पातळी सगळ्यात वाईट तोच आकडा पुढे येतो. म्हणून मी काय सांगते, समीरच ठेवा, पण रंगावर जाऊ नका, आत जाऊन पीएम २.५ किती आणि कुठल्या केंद्राचं ते बघा. छोटी ग्वालटोलीच्या मशीनचा आकडा म्हणजे राजेंद्र नगरच्या गच्चीवरची हवा नव्हे. घरात दमेकरी असेल तर दोन्ही अ‍ॅप ठेवा आणि जास्त कडक असेल त्याचं ऐका.

झाडांच्या बाबतीतही असंच. ग्लोबल फॉरेस्ट वॉच उपग्रहाच्या चित्रांवरून झाडांचं आच्छादन दाखवतं, नकाशा हातात घेऊन मुलं तासभर रमतात, छान आहे. पण तिथे झाड म्हणजे ५ मीटरच्या वर वाढलेलं. २०२४ च्या जुलैत आपण रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांवर रोपं लावली ती त्यात लगेच दिसणार नाहीत. दुसरीकडे भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात एक हेक्टरच्या वरची, निदान १० टक्के भागावर झाडांचं छत्र असलेली जमीन वनाच्छादनात धरतात, मग ती आमराई का असेना. दोन्ही वाचा, पण आधी दोघांची व्याख्या वाचा, नाहीतर दोन आकड्यांचं भांडण लागतं आणि ते सुटत नाही.

राहिलं बाहेर पडून शिकणं, आणि खरं सांगू तर माझं मन इथेच आहे. सिरपूर तलाव आपल्या घरापासून किती लांब आहे? त्या तलावासाठी पद्मश्री भालू मोंढेंनी आयुष्याची किती वर्षं घातली, आपल्यातल्या कितीजणांना माहितीये? सिरपूर आणि यशवंत सागर, दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले आणि २०२५ च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही देशातली पहिली दोन रामसर पाणथळ शहरं ठरली, आणि तरी आमच्या गल्लीतली निम्मी मुलं तिथे गेलेली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. तर दोन अ‍ॅप. ईबर्ड फक्त पक्ष्यांसाठी, अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाचं, त्यात दिसलेले सगळे पक्षी मोजून यादी टाकायची, कावळा-साळुंकी सुद्धा, कारण कालची नेहमीची चिमणी उद्या कमी झाली हे कळायला आजची नोंद लागते. आयनॅचरलिस्टवर काहीही चालतं, किडा, गवत, बुरशी, फोटो टाकला की जगभरातले लोक ओळखायला मदत करतात. लहान मुलांना आयनॅचरलिस्ट लवकर आवडतं, फोटो काढला की झालं. नात जर पुढे प्राणिशास्त्र घेणार असेल तर तिने ईबर्डच धरावं, त्याने शिस्त लागते, आणि फेब्रुवारीत चार दिवसांची जी पक्षीगणना होते त्यात आपली यादी थेट जाते.

वहिनी, तुम्ही मात्र यातलं सगळं एकदम घेऊ नका. आत्ता फोनमध्ये समीर आणि ईबर्ड एवढंच टाका, आजोबांना परीची मराठी पानं उघडून द्या, आणि नातीला म्हणावं आधी कॉलेजात क्रेडिटचं विचारून ये. रविवारी सात वाजता सिरपूरला जाऊ, पोहे येताना खाऊ. एक जास्तीची दुर्बीण आहे माझ्याकडे.